धोक्याची पातळी 'कमी': रॉजर्सचं नेटवर्क २६ तास का बंद राहिलं

बदलाच्या नोंदीत धोक्याची पातळी 'कमी' अशी लागलेली होती. त्यामुळे जादा मंजुऱ्या लागल्या नाहीत, लॅबमध्ये चाचणी झाली नाही, आणि शुक्रवार, ८ जुलै २०२२ रोजी टोरोंटोच्या वेळेनुसार पहाटे ४ वाजून ४३ मिनिटांनी तो बदल राउटरांवर चढला. ४:४५ ला रॉजर्स या कॅनडातल्या बड्या दूरसंचार कंपनीचं कोअर नेटवर्क, म्हणजे सगळ्या सेवांची रहदारी जिथून जाते ते मधलं जाळं, कोसळायला लागलं. मोबाइल, घरचं इंटरनेट, घरचा फोन, कंपन्यांच्या लाइनी, सगळं एकदम. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक तुटले आणि सगळं मार्गी लागायला २६ तास गेले. पडझड सुरू झाली तेव्हा आपल्याकडे दुपारचे सव्वादोन वाजले होते. आषाढी एकादशी दोन दिवसांवर होती, आणि टोरोंटोजवळच्या मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडे मुलंबाळं असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांतून त्या दिवशी लावलेले बरेच फोन लागलेच नसणार.

ऑफिसांची, कारखान्यांची, बँकांची नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी हे प्रकरण मुळापासून वाचावं असं मला वाटतं. एरवी नेटवर्क पडलं की 'काही तांत्रिक अडचणींमुळे' एवढ्यावर विषय मिटतो. इथे आतली हकीकत कागदावर आली. सीआरटीसी या तिथल्या नियामकाने रॉजर्सकडून लेखी खुलासा मागवला. २५ जुलैला संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांना बसावं लागलं. पुढे सीआरटीसीने झोना पार्टनर्स या सल्लागार संस्थेकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली आणि तिचा सारांश २०२४ च्या जुलैत प्रसिद्ध झाला. त्यातली काही वाक्यं वाचताना आपल्याच ऑफिसचा चेंज फॉर्म, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा अर्ज, समोर धरल्यासारखं वाटतं.

दोन मिनिटांत काय झालं

रॉजर्स आपलं कोअर नेटवर्क सुधारत होती. काम सात टप्प्यांत वाटलेलं होतं, काही आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं होतं आणि पाच टप्पे विनातक्रार पार पडले होते. हा सहावा. या टप्प्यात डिस्ट्रिब्यूशन राउटरांच्या, म्हणजे कोअरकडे मार्ग पोचवणाऱ्या राउटरांच्या, कॉन्फिगरेशनमधून एक फिल्टर काढला गेला.

हा फिल्टर काय करतो ते समजलं की पुढचं सगळं समजतं. बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या वाटा राउटर एकमेकांना सांगत असतात. २०२२ मध्ये एकट्या आयपीव्ही४ च्या (इंटरनेटवरच्या जुन्या धर्तीच्या पत्त्यांच्या) जागतिक यादीत नऊ लाखांहून जास्त मार्ग होते. कोअरमधल्या प्रत्येक राउटरला ही सगळी यादी पाठ असण्याचं कारण नसतं. त्याला घरातल्या वाटा आणि बाहेर पडायची दारं माहीत असली की पुरतं. म्हणून मध्ये फिल्टर बसवतात: एवढे मार्ग आत जाऊ दे, बाकीचे इथेच थांबव. तो निघाल्याबरोबर डिस्ट्रिब्यूशन राउटरांनी मिळेल तो मार्ग कोअरमध्ये ओतायला सुरुवात केली. कोअर राउटरांची मेमरी भरली, प्रोसेसर दमले, आणि एकामागून एक ते काम करेनासे झाले.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी रॉजर्सने स्वतःच्या पत्रात नोंदवली आहे. तिच्या नेटवर्कमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे राउटर होते. काही उत्पादक कोअर राउटरपुढे येणाऱ्या मार्गांच्या संख्येवर मर्यादा ठेवतात, काही ठेवत नाहीत. एकाच कंपनीच्या पेट्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या डोक्यात काही गोष्टी गृहीत बसलेल्या असतात. दुसऱ्या कंपनीची पेटी तसंच वागेल असं नाही. दोन उत्पादकांचा माल ठेवला की एका उत्पादकाच्या दोषातून नेटवर्क वाचतं, हे खरंच. पण दोघांच्या पूर्वनिश्चित सेटिंगांमधला फरक कुणीतरी बसून लिहून काढावा लागतो, आणि हे काम कुणाच्याच केआरएमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या जबाबदाऱ्यांत, नसतं.

आता मॉनिटरिंगच्या बाजूने पाहा. बदल ४:४३ ला, पडझड ४:४५ ला. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी राउटरचा सीपीयू, मेमरी, पोर्टवरची रहदारी एसएनएमपी या पद्धतीने दर पाच मिनिटांनी विचारली जाते. एमआरटीजी आणि कॅक्टी या आलेख काढणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरांच्या काळापासून हीच वहिवाट आहे. पाच मिनिटांच्या मोजणीत हा सगळा प्रकार दोन ठिपक्यांच्या मध्ये बसून गेला असता. एक ठिपका निरोगी राउटरचा, पुढचा ठिपका नाहीच. मग कुणी म्हणेल, सेकंदासेकंदाला माहिती पाठवणारी टेलिमेट्री लावा. जरूर लावा, नंतर शोध घ्यायला ती सोन्याच्या मोलाची आहे. पण दोन मिनिटांत आलेख चढताना पाहून, अर्थ लावून, फोन करून, परवानगी घेऊन बदल मागे घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. इतक्या वेगाने पडणाऱ्या गोष्टीला आलेख वाचवत नाही, आधी घालून ठेवलेली मर्यादा वाचवते. बीजीपी या पद्धतीने राउटर एकमेकांना मार्ग सांगतात. तिथे शेजारच्या राउटरवर 'मॅक्झिमम-प्रीफिक्स' ही मर्यादा लावलेली असेल, तर ठरलेल्या आकड्यापुढे मार्ग आले की त्याच्याशी असलेली जोडणी आपोआप तुटते. एका लाइनीचं नुकसान होतं, बाकी नेटवर्क उभं राहतं. झोनाच्या अहवालानेही नेमकं याकडेच बोट दाखवलं: कोअर राउटरांना अशा लोंढ्यापासून संरक्षण नव्हतं.

हे संकट काही नवं नव्हतं. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटवरच्या मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांच्या घरात गेली आणि तेवढीच जागा ठेवलेले जगभरातले जुने राउटर अडखळले. राउटरच्या पोटात किती मार्ग मावतात आणि आज त्यात किती आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवणारा आलेख तेव्हापासून प्रत्येक डॅशबोर्डवर असायला हवा होता. बहुतेक डॅशबोर्डांवर अजूनही बँडविड्थच मिरवत असते, कारण ती साहेबांना कळते.

'कमी' हा शिक्का कुठून आला

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा राउटरमध्ये नाही, इथे आहे. सात टप्प्यांचं काम सुरू झालं तेव्हा रॉजर्सने त्याचा धोका 'जास्त' असा धरला होता. म्हणजे सुरुवातीचा अंदाज बरोबर होता. पुढच्या टप्प्यांचा धोका 'मध्यम' झाला. सहाव्या टप्प्याला तो 'कमी' झाला. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी खोटं लिहिलं नव्हतं. रॉजर्सची धोका मोजण्याची पद्धत आधीच्या यशाला वजन देत होती. आधीचे बदल नीट पार पडले की आकडा आपोआप खाली येत होता. आणि आकडा खाली आला की छाननीही खाली येत होती.

वरंधा घाटाची पाच वळणं नीट पार पडली म्हणून सहाव्या वळणाखालची दरी उथळ होत नाही. पहिल्या पाच टप्प्यांत जे बदललं गेलं, त्याच्याबद्दल त्या यशाने काहीतरी सांगितलं होतं. सहाव्या टप्प्यात जो फिल्टर निघणार होता, त्याच्याबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं. बिघाड होण्याची शक्यता किती आणि झाला तर कुठवर पसरेल, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अनुभवाने पहिली कमी झाली असं मानता येतं. दुसरी अनुभवाने बदलत नाही. कोअरमधल्या बदलाचा पल्ला पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच शेवटच्या दिवशी. दोन्ही एकाच आकड्यात मिसळल्या की मोठा पल्ला लहान शक्यतेखाली दडतो.

पद्धत मूर्खपणाची होती असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांनी बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज बोर्डाच्या बैठकांत बसून दिवस काढले आहेत त्यांना ती कशी जन्मली असेल हे लगेच कळेल. प्रत्येक बदल 'जास्त' धोक्याचा लिहिला तर मंजुरी देणारा माणूस तिसऱ्या दिवशी न वाचता सह्या करायला लागतो. व्हीएलएएन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) जोडणं, पोर्ट चालू करणं, प्रिंटरला आयपी देणं, असल्या कामांना पूर्ण तपासणी लावली तर खरोखर धोक्याच्या कामाला वेळ उरत नाही. म्हणून नेहमीचे बदल सुटे करावेत, ही कल्पना चांगलीच आहे. चूक झाली ती सूट कशावर द्यायची यात. सूट बदलाच्या जातीवर द्यावी, त्याच्या वाढदिवसांवर नाही. राउटिंगचा फिल्टर, फायरवॉलचा मुख्य नियम, कोअर स्विचचं स्पॅनिंग ट्री (रहदारी गोल गोल फिरू न देणारी व्यवस्था), नावांवरून पत्ते शोधणारं डीएनएस, एवढ्या गोष्टींना हात लागणार असेल तर तो बदल किती वेळा सुखरूप झालाय हा प्रश्नच फॉर्मवर नको.

दुसरी सोय तर फुकट असते आणि तरी वापरली जात नाही. जुनिपर या कंपनीच्या पेट्यांवर 'कमिट कन्फर्म्ड' असं सांगून बदल लावला, तर ठरल्या वेळात, न सांगितल्यास दहा मिनिटांत, पुन्हा दुजोरा न मिळाल्यास पेटी स्वतःहून जुन्या कॉन्फिगरेशनवर परतते. सिस्कोच्या राउटरांवर जुने लोक बदलाआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात. राउटरशी संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी राउटर आपला आपण चालू होऊन साठवलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. नेटवर्कमधल्या माणसाने स्वतःच बसलेली फांदी कापली तरी झाड त्याला परत वर घेतं. एकाच वेळी अनेक राउटर गुदमरले असताना एवढ्याने सगळं भागलं असतं असा दावा मी करणार नाही. पण बदल मागे घ्यायची वाट ज्या नेटवर्कवर बदल होतोय त्याच नेटवर्कमधून जात असेल, तर ती वाट धरू नये, एवढं नक्की.

चौदा तास आंधळे

कारण सापडायला रॉजर्सला १४ तास लागले. दोन मिनिटांत झालेली गोष्ट, स्वतःच्याच माणसांनी केलेली, वेळेची नोंद असलेली, आणि ती ओळखायला चौदा तास. बाहेरून पाहणाऱ्याला हे अविश्वसनीय वाटतं. आतून पाहिलं तर उलगडतं.

राउटरांचा कारभार ज्या व्यवस्थापन नेटवर्कवरून चालत होता, ते त्याच आयपी कोअरवर अवलंबून होतं. कोअर पडलं तसं राउटरांपर्यंत पोचायची वाट गेली, आणि वाट गेली तसे एरर लॉगही गेले. बिघाडाचा जबाब राउटरच्या पोटात होता, पण तिथे पोचायला कुणीतरी लॅपटॉप आणि राउटरला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन प्रत्यक्ष त्या खोलीत जायला हवं होतं.

त्याहून वाईट म्हणजे माणसांचं. रॉजर्सचे कर्मचारी साहजिकच रॉजर्सचेच मोबाइल आणि रॉजर्सचंच इंटरनेट वापरत होते. पहिल्या काही तासांत त्यांना एकमेकांशी बोलताच येईना. कंपनीला शेवटी दूरच्या ठिकाणी आपल्या माणसांकडे स्पर्धक कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली. लाखो ग्राहकांना फोनची सोय पुरवणारी कंपनी, आणि तिच्या इंजिनिअरच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं एक सिम नाही. हा खर्चाचा प्रश्न असूच शकत नाही. ते वापरण्याची वेळ येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्याच वेळी बाहेरच्यांना मात्र सगळं दिसत होतं. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या आलेखांवर रॉजर्सकडून येणारी रहदारी ८:४५ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे तिथल्या ४:४५ लाच, कड्यावरून पडावी तशी पडलेली दिसते. एएस८१२ या इंटरनेटवरच्या आपल्या नेटवर्क क्रमांकाखाली रॉजर्सने जगाला जाहीर केलेले मार्ग मागे घेतले जात होते, आणि बीजीपीवर नजर ठेवणारा कुणीही ते पाहू शकत होता. इंटरनेटवर आपला पत्ता कुणाला दिसतोय का, हे घरातून नाही कळत. म्हणून निदान एक तपासणी पूर्णपणे बाहेरून व्हावी: दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवर ठेवलेला एखादा स्वस्त सर्व्हर, जो दर मिनिटाला आपलं दार ठोठावून पाहतो.

एकच कोअर, आणि त्यावर देश

रॉजर्सचा वायरलेस आणि वायरलाइन, दोन्ही कारभार एकाच कोअरवर होता. पडझडीनंतर कॅनडातल्या वर्तमानपत्रांनी यावर बरीच आगपाखड केली. झोनाचा अहवाल इथे शांत आहे आणि मला तो पटतो: सगळ्या सेवा एका कोअरवर आणणं ही खर्च आणि कामगिरी यांचा मेळ घालणारी निवड आहे, इतर कंपन्याही करतात, तो काही मुळातला दोष नव्हे. दोष असतो तो ही निवड केल्यावर त्या कोअरला हात लावण्याची रीत पूर्वीचीच ठेवण्यात. एकत्र केल्याने जो पैसा वाचतो, त्यातला काही भाग त्या एकीच्या राखणीवर घालावा लागतो.

परिणाम कुठवर गेले ते पाहा. इंटरॅक ही तिथली डेबिट कार्डांची आणि ई-ट्रान्सफरची व्यवस्था बंद पडली, कारण तिचा भार रॉजर्सवर होता. म्हणजे ज्या दुकानदाराची लाइन दुसऱ्या कंपनीची होती, त्याच्याही काउंटरवर डेबिट कार्ड चालेना. सरकारी कार्यालयांची कामं अडली. टोरोंटोत लोक वाय-फायसाठी कॅफेंमध्ये गर्दी करून बसले. द वीकेंड या गायकाचा त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. कार्यक्रमाच्या मैदानाचं नाव रॉजर्स सेंटर.

गंभीर बाब ९११ ची, म्हणजे तिथल्या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाची. फोनला स्वतःचं नेटवर्क मिळालं नाही तर तो आपत्कालीन कॉलसाठी हाताला लागेल ते दुसरं नेटवर्क पकडतो. पण रॉजर्सचे टॉवर चालू होते, मागचा कोअर मेला होता. अनेक फोनांना वाटलं की आपण घरच्याच नेटवर्कवर आहोत, आणि ते तिथेच चिकटून राहिले. लोकांना सिम काढून ९११ लावून पाहा असं सांगायची वेळ आली. अर्धवट पडलेली यंत्रणा पूर्ण पडलेल्या यंत्रणेपेक्षा वाईट, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं मला माहीत नाही. आपल्याकडेही हे रोज दिसतं: लाइन पूर्ण तुटली तर फायरवॉल दुसऱ्या लाइनीवर जातो, पण पुढचा पहिला राउटर पिंगला उत्तर देत राहिला आणि त्यामागे काहीच नसलं, तर फायरवॉल समाधानाने मेलेल्या लाइनीवरच बसून राहतो. म्हणून लाइन जिवंत आहे का हे पाहताना शेजारच्या राउटरला नाही, दूरच्या दोन-तीन पत्त्यांना विचारावं, आणि त्यातलं एक तरी उत्तर खऱ्या सेवेचं असावं.

बेल आणि टेलस या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मदतीचा हात पुढे केला होता. रॉजर्सला तो धरता आला नाही, कारण आपले ग्राहक त्यांच्या नेटवर्कवर सोपवायला लागणाऱ्या स्वतःच्याच यंत्रणांपर्यंत ती पोचू शकत नव्हती. पुढे उद्योगमंत्री फ्रांस्वा-फिलिप शॅम्पेन यांनी कंपन्यांना ६० दिवसांची मुदत दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आपत्कालीन रोमिंग आणि परस्पर मदतीचा करार झाला. इंटरॅकनेही दुसरा पुरवठादार जोडायचं ठरवलं.

आपल्या सर्व्हर रूममध्ये

एखादी सहकारी बँक, दीडशे खाटांचं रुग्णालय, चाकण किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतला कारखाना, यांना सातटप्पी कोअर अपग्रेड नसतं. पण रॉजर्सच्या दोन्ही खोडी, पडणाऱ्या नेटवर्कवरच टेकून राहणं आणि बदलाला हलकं लेखणं, इथे छोट्या आकारात जशाच्या तशा भेटतात.

मॉनिटरिंगचा सर्व्हर त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर, त्याच स्विचला लावलेला असतो. तो अलर्ट पाठवतो ईमेलने, आणि ईमेल जाते त्याच लाइनीवरून जी पडली तर अलर्ट यायला हवा असतो. लाइन रात्री अकराला पडते, अलर्ट सकाळी सातला एकदम ढिगाने येतात, लाइन परत आल्यावर. यावर उपाय दोन. एक, रॅकमध्ये एसएमएस पाठवणारा जीएसएम मोडेम लावा, ज्यात मुख्य लाइन ज्या कंपनीची आहे तिचं सिम नसेल. दोन, उलटा अलर्ट: आपला सर्व्हर दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला 'मी आहे' असं कळवतो, आणि ते कळवणं थांबलं की ती सेवा आपल्याला फोन करते. शांतता हाच अलार्म. हे लावायला एक दुपार पुरते.

दोन लाइनींचं सोंग हाही नेहमीचा प्रकार. एक लाइन एका कंपनीची, दुसरी दुसरीची, बिलं वेगळी, आणि दोन्हींची फायबर गेटजवळच्या एकाच चेंबरमधून, एकाच पाइपातून आत आलेली. ग्रामपंचायतीच्या गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत. कागदावर रिडंडन्सी आहे का यापेक्षा चेंबरचं झाकण उघडून पाहावं, आणि पुरवठादाराकडून मार्गाचा नकाशा लेखी मागून घ्यावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

कन्सोलबद्दल मात्र मी आग्रही आहे. कोअर स्विच, फायरवॉल आणि मुख्य राउटर यांच्या कन्सोल पोर्टमध्ये कायमची केबल, ती एका कन्सोल सर्व्हरमध्ये, आणि त्याला स्वतःचं ४जी कनेक्शन. त्या वाटेवर ऑफिसची कुठलीही रहदारी नको, तिचं लॉगिन ऑफिसच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर (सगळ्यांची लॉगिनं सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) टेकलेलं नको, आणि पासवर्ड त्याच पडलेल्या सर्व्हरवरच्या एक्सेल फाइलमध्ये तर मुळीच नको. ज्यांना एवढंही परवडत नाही त्यांनी निदान चालणारी एक कन्सोल केबल आणि तिचा ड्रायव्हर टाकलेला लॅपटॉप रॅकच्या कपाटात ठेवावा. हल्लीच्या लॅपटॉपांना सीरियल पोर्ट नसतो, यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट लागतं. हे पाठोपाठचे अडथळे मध्यरात्रीच कळतात.

लॉगचंही तसंच. सगळे लॉग एका जागी जमवणाऱ्या सिसलॉग सर्व्हरवर लॉग पाठवतो म्हणजे झालं, असं धरून राउटरचा स्वतःचा लॉग बफर कित्येक ठिकाणी कारखान्यातून आला तेवढाच छोटा ठेवलेला असतो. नेटवर्क तुटलं की सिसलॉगला काहीच पोचत नाही, आणि महत्त्वाच्या ओळी बफरमधून पाच मिनिटांत वाहून गेलेल्या असतात. बफर वाढवा, आणि सगळ्या पेट्यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवून ठेवा. वेळ न जुळणारे दोन लॉग शेजारी ठेवून कारण शोधणं हा जन्माचा खेळ आहे.

यंत्रणा तेज करण्याच्या नावाखाली होणाऱ्या कामांकडे मी या प्रकरणानंतर जरा संशयाने पाहतो. जुने फायरवॉल नियम साफ करणं, न वापरलेले रूट काढणं, दोन व्हीएलएएन एकत्र करणं, ही कामं 'सफाई' म्हणून शनिवारी संध्याकाळी उरकली जातात आणि त्यांना कुणी चेंज फॉर्मही लावत नाही. रॉजर्समध्येही त्या पहाटे काहीतरी काढलं गेलं होतं. नव्याने जोडलेली गोष्ट चालली नाही तर लगेच दिसते. काढलेली गोष्ट कशाला अडवून धरत होती, हे ती गेल्यावरच दिसतं. म्हणून नियम पुसण्याआधी त्याच्यावर किती वेळा रहदारी येऊन आदळली याचा हिट काउंट महिनाभर पाहावा, आणि मगच तो आधी निष्क्रिय करावा, पुसावा नंतर कधीतरी.

रॉजर्सने पुढे काय केलं

कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी दोन आठवड्यांत बदलले गेले. ग्राहकांना पाच दिवसांच्या सेवेचे पैसे परत मिळाले. मुख्य कार्यकारी अधिकारी टोनी स्टाफिएरी यांनी तीन वर्षांत १० अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, आणि वायरलेस व वायरलाइन यांचे कोअर वेगळे करण्यासाठी निदान २५ कोटी कॅनेडियन डॉलर लागतील असं संसदेच्या समितीला सांगितलं. त्याच काळात शॉ या दुसऱ्या मोठ्या कंपनीचं अधिग्रहण मंजुरीत अडकलेलं होतं, त्यामुळे एवढ्या तत्परतेमागे केवळ ग्राहकप्रेम होतं असं मानायचं कारण नाही. पण कामं झाली. व्यवस्थापनाचं नेटवर्क मुख्य नेटवर्कपासून वेगळं काढलं गेलं, कोअर राउटरांना लोंढ्यापासून संरक्षण मिळालं, बदलांची छाननी बदलली. झोनाच्या अहवालाने या सुधारणांना समाधानकारक म्हटलं आहे.

त्यातली २५ कोटी डॉलरची बाब आपल्यासाठी नाही. व्यवस्थापनाची वेगळी वाट मात्र कन्सोल सर्व्हर, सिम आणि थोडी केबल एवढ्यात होते, आणि ती खरोखर वेगळी आहे का हे एका रविवारी सकाळी कळतं: संचालकांना आधी सांगून मुख्य लाइनची पॅच कॉर्ड हाताने काढायची, घरी बसलेल्या माणसाने किती मिनिटांत राउटरवर लॉगिन केलं ते लिहून ठेवायचं, आणि तो लॉगिन करू शकलाच नाही तर कॉर्ड परत लावायला रॅकजवळ कुणीतरी उभं असायचं.